सोडियम कमी असताना सलाईन का लावले नाही?

मंजिरी_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार. रक्तातील सोडियम कमी झालेल्या रुग्णाला पाणी कमी पाजा असे डॉक्टर सांगतात, आणि आपण ज्याला मिठाचे पाणी समजतो ते सलाईन मात्र लावत नाहीत. याचा अर्थ मला इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. मन उदास राहते म्हणून त्यांना काही आठवड्यांपूर्वी एस्सिटालोप्राम सुरू केले होते. मग ग्लानी येऊ लागली, बोलण्यात विसंगती दिसू लागली, आणि आम्हाला पक्षाघाताची शंका आली. मेंदूच्या स्कॅनमध्ये काही निघाले नाही. सोडियम मात्र ११८ निघाले. अतिदक्षता विभागात पहिल्या दिवशी पंपावर ३ टक्क्यांचे सलाईन अगदी थोडे, १५० मिली, दिले. त्यानंतर शिरेतून काहीही नाही. उदासीसाठीची गोळी बंद केली, दिवसभरात सर्व मिळून एक लिटरच्या आत द्रवपदार्थ द्यायला सांगितले आणि दर सहा तासांनी रक्त तपासले. सोडियम एका दिवसात ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

त्यांची प्रकृती आता सुधारत आहे. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार आहे की एवढ्या अशक्त माणसाला साधी एक बाटलीही लावली नाही आणि वर पाणी तोडले. मला डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाही, पण घरी उत्तर देता यावे एवढे तरी कळले पाहिजे. पाणी का कमी? सलाईन का नाही? आणि सोडियम लवकर वाढले तर चांगलेच नाही का?

अतिदक्षता

मंजिरीताई, तुमच्या सासऱ्यांवर झालेले उपचार तुमच्या वर्णनावरून योग्य दिसतात. रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे तत्त्व तेवढे सांगतो.

अहवालातला ११८ हा आकडा शरीरात एकूण सोडियम किती आहे हे सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात ते किती मिलीमोल आहे, एवढेच तो सांगतो. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असते. हा आकडा दोन प्रकारे खाली येतो: क्षार शरीराबाहेर गेले तर, किंवा पाणी साठून राहिले तर. जुलाब, उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांत पहिला प्रकार बराच दिसतो. उदासीवरच्या काही औषधांमुळे, फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या काही आजारांत, पाणी धरून ठेवणारे संप्रेरक गरज नसतानाही स्रवत राहते, आणि मग दुसरा प्रकार घडतो. रुग्णाच्या अंगावर सूज नसते, जीभ कोरडी नसते, रक्तदाब ठीक असतो, आणि तरीही लघवी घट्ट होत असते. अशा माणसात मिठाचा तुटवडा फारसा नसतो, पाणीच जास्त झालेले असते. म्हणून पाणी कमी.

आता सलाईन का नाही, हे जरा आकडेमोडीने पाहू. एक लिटर साध्या सलाईनमध्ये १५४ सोडियम आणि १५४ क्लोराईड, म्हणजे मिळून ३०८ कण असतात. समजा रुग्णाच्या मूत्रपिंडाने लघवी लिटरला ६०० कणांच्या आसपास घट्ट करून ठेवली आहे. तर तेवढे सगळे मीठ बाहेर टाकायला त्याला अर्धा लिटर लघवी पुरते. मीठ गेले आणि उरलेला अर्धा लिटर निव्वळ पाणी शरीरातच राहिले! म्हणजे सलाईन लावून सोडियम आणखी खाली जाऊ शकते. ३ टक्क्यांच्या सलाईनमध्ये लिटरला ५१३ सोडियम असते, त्यामुळे ते थोड्या प्रमाणात देऊन मेंदूवरचा तातडीचा धोका कमी करता येतो. फिट येणे, शुद्ध हरपणे, विलक्षण गोंधळ अशी लक्षणे असली की १०० ते १५० मिली देतात आणि रक्त पुन्हा तपासतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सोडियम हळूहळू उतरले की मेंदूच्या पेशी एक-दोन दिवसांत स्वतःतले काही घटक बाहेर टाकून फुगण्यापासून स्वतःला वाचवतात. अशा जुळवून घेतलेल्या मेंदूला अचानक दाट रक्ताला सामोरे जावे लागले तर पेशींतले पाणी खेचले जाते आणि मज्जातंतूंवरचे आवरण, विशेषतः मेंदूच्या देठाच्या भागातले, नष्ट होऊ शकते. याची लक्षणे लगेच दिसत नाहीत. रुग्ण सुधारला असे वाटत असतानाच काही दिवसांनी बोलणे व गिळणे अडखळते, हातपाय लुळे पडतात, आणि ते नुकसान कायमचे असू शकते. कुपोषण, यकृताचा आजार, दारूचे व्यसन किंवा पोटॅशियमची कमतरता असेल तर धोका अधिक. २४ तासांत ८ ची मर्यादा त्यासाठीच आहे, आणि दर सहा तासांनी रक्त काढणे हा उगाच केलेला खर्च नव्हता.

चिकित्सक_वाचक

उत्तम स्पष्टीकरण. पण मग मला एक प्रश्न पडतो. आमच्या तालुक्याच्या गावी ताप, अंगदुखी, चक्कर, परीक्षेचा ताण, कशासाठीही सलाईन लावले जाते. ताकदीसाठी वर्षातून एकदा दोन बाटल्या लावून घेणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. एवढा विचार करून द्यायचा हा पदार्थ असेल, तर तो इतक्या सहजपणे कसा दिला जातो? हा प्रकार बंद व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त_परिचारिका

मी आयुष्यभर सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले. नातेवाइकांना प्रत्येक बाटली सारखीच दिसते, म्हणून त्यांत काय असते ते आधी लिहिते.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून मिळणारी शक्ती शंभर कॅलरींच्या आतच असते, म्हणजे एका केळ्याएवढी. डीएनएसमध्ये ही साखर आणि मीठ दोन्ही असतात. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, यात सोडियम १३० च्या आसपास, पोटॅशियम ४, थोडे कॅल्शियम आणि लॅक्टेट असते. पिवळी बाटली ही वेगळी काही ताकदीची बाटली नसते. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, मुख्यतः त्यातले ब२, मिसळल्यामुळे तो रंग येतो. ज्याला तोंडाने खाता येते त्याला यातून अन्न म्हणून मिळण्यासारखे काहीही नाही.

मंजिरीताईंच्या प्रश्नाशी जोडून एक सांगावेसे वाटते. डेक्स्ट्रोजची बाटली शिरेत गेल्यावर त्यातली साखर शरीर वापरून टाकते आणि मागे साधे पाणी उरते. त्यामुळे सोडियम कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अशक्तपणासाठी बाहेर कुठे ग्लुकोजची बाटली लावली, तर त्याचे सोडियम आणखी खाली जाते. तुमच्या घरातले वडीलधारे जी बाटली मागत होते ती बहुधा हीच असावी.

दुसरी गोष्ट वेगाची. अर्धा लिटर चार तासांत द्यायचे असेल आणि सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली असेल, तर मिनिटाला ४२ थेंब पडायला हवेत. आम्ही ते घड्याळ लावून मोजतो. नातेवाईक मात्र बाटली लवकर संपावी आणि घरी जाता यावे म्हणून नळीवरचे चाक सैल करून ठेवतात. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला एवढ्याने धाप लागून फुप्फुसात पाणी भरू शकते. कृपा करून त्या चाकाला हात लावू नका. थेंब थांबले किंवा फार वेगाने पडू लागले तर आम्हाला हाक मारा.

गोठ्यातून

सिस्टर, वेगाबद्दल तुम्ही लिहिलेत ते आम्हा दूध उत्पादकांना चांगले ठाऊक आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या रक्तातले कॅल्शियम दुधात उतरते, ती बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात. पशुवैद्य कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली कोमट करून शिरेतून अगदी सावकाश देतात आणि एकीकडे छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकत राहतात. बाटली संपता संपता गाय उठून उभी राहते. तीच बाटली घाईने दिली तर हृदय बंद पडून गाय जागेवर दगावते. माझ्या शेजाऱ्याने पशुवैद्य येण्याची वाट न पाहता स्वतःच बाटली लावून आपली गाय गमावली.

ग्रामीण_वैद्यक

चिकित्सक_वाचक यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. ताकदीचे सलाईन ही निश्चितपणे वाईट प्रथा आहे आणि तिला आमच्या व्यवसायातले लोक जबाबदार आहेत, हे मान्य करायला हवे. रुग्ण मागतो म्हणून दिले, हे कारण पुरेसे नाही. तथापि 'बंद व्हावे' असा सरसकट सूर लागला तर त्याचेही बळी जातील, आणि ते माझ्या भागातले असतील.

मी जिथे काम करतो तिथून अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय दीड तासाच्या अंतरावर आहे. मे महिन्यात उन्हात काम करणारा मजूर उलट्या-जुलाबाने येतो, डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागत नाही, लघवी सकाळपासून झालेली नाही. त्याला तोंडाने पाजत बसणे हा अपराध ठरेल. तीव्र निर्जलीकरणात रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिली द्यायचे, त्यातले ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेले ७० पुढच्या अडीच तासांत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठरलेला क्रम आहे. ५० किलोच्या माणसाला हे पाच लिटर होते! एक बाटली लावून समाधान मानणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक ठरते. एक वर्षाखालच्या बाळाला हाच हिशेब एक तास आणि पाच तास असा लांबवायचा. बाळंतपणातील रक्तस्राव, भाजलेले रुग्ण, मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणे, या सगळ्यांत पहिला तास सलाईनचाच असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की गरज नसलेल्याला एकही बाटली नको आणि गरज असलेल्याला हात आखडता नको. या दोघांतला फरक नाडी, जीभ, त्वचा, लघवी आणि श्वास पाहूनच ठरतो. तो पाहण्याइतका वेळ डॉक्टरने द्यावा आणि रुग्णाने तेवढा वेळ थांबावे.

चिकित्सक_वाचक

डॉक्टर, आपला मुद्दा पटला. 'बंद व्हावा' हे मी ताकदीच्या बाटलीपुरतेच म्हटले होते, ते तसे स्पष्ट लिहायला हवे होते.

जुने_दप्तर

ग्रामीण_वैद्यक यांनी कॉलऱ्यासारख्या निर्जलीकरणाचा उल्लेख केला, त्यावरून थोडा इतिहास लिहितो, कारण या उपचाराचा जन्मच तिथला आहे. १८३१-३२ साली ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ असताना विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथील थॉमस लाटा यांनी क्षारयुक्त पाणी थेट शिरेत दिले. त्यांची पहिली रुग्ण मरणाच्या दारातली वृद्ध स्त्री होती. तिचे ओढलेले डोळे, थंड अंग, हरवलेली नाडी हे सगळे काही मिनिटांत पालटले. मात्र जुलाब पुन्हा सुरू झाले, पुढे द्रव दिला गेला नाही आणि काही तासांत ती गेली. किती दिले यापेक्षा किती जात आहे हे मोजत राहावे लागते, हे पहिल्याच रुग्णात दिसले होते. ओशॉनेसी पुढे कलकत्त्यात आले आणि भारतातील तारयंत्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

दुसरा टप्पा आपल्या देशातला आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते, रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांतून उपलब्ध केले आणि ते नातेवाइकांनीच पाजावे अशी व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हे हयातीत व्हायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

फार्मसी_काउंटर

वरील प्रतिसादाला जोडून दुकानातला अनुभव. साखर आणि मीठ आतड्यात एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून प्रमाण बिघडले की औषधच उलटते. ओआरएस, म्हणजे तोंडाने पाजायचे साखर-क्षारांचे पाणी, याच्या सध्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटरसाठी आणि लहान पाकीट २०० मिलीसाठी असते. मोठे पाकीट चिमूटचिमूट करून पेल्यात घालणारे पालक रोज भेटतात. त्यातून बाळाच्या पोटात फार खारट पाणी गेले तर त्याचे सोडियम धोकादायक वाढते.

दुसरे असे की फळांच्या चवीची, डब्यात मिळणारी गोड पेये ओआरएस या नावाने विकली जात होती. त्यांत साखर फार आणि क्षार अपुरे असत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. तरीही विकत घेताना सूत्र छापलेले आहे ना, हे पाहावे. काहीच मिळाले नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, लहान चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नये.

वडिलांचा_सोबती

सगळी चर्चा सोडियमची चालली आहे म्हणून पोटॅशियमबद्दल लिहितो. माझे वडील आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असतात. एका उन्हाळ्यात पाहुण्यांनी प्रेमाने शहाळी आणली आणि घरात रक्तदाबासाठी म्हणून कमी सोडियमचे मीठही आलेले होते. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते, हे पाकिटावर अगदी बारीक अक्षरांत होते. वडिलांना पायात अशक्तपणा जाणवू लागला, आणि रुग्णालयात पोटॅशियम ६.८, म्हणजे धोकादायक वाढलेले, निघाले. हृदयाच्या आलेखातल्या लाटा टोकदार झाल्या होत्या.

त्यांना आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिले, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, सोबत वाफाऱ्यातून साल्ब्युटामॉल, आणि मग तातडीचे डायलिसिस. डॉक्टरांनी नंतर समजावले की कॅल्शियममुळे पोटॅशियम कमी होत नाही, ते हृदयाला काही काळ सांभाळते. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते. आणि शरीराबाहेर काढण्याचे काम डायलिसिसच करते. ज्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण आहे तिथे शहाळे, फळांचे रस आणि ते मीठ यांबद्दल स्पष्ट विचारून घ्या. अशक्त माणसाला शहाळे द्यावे हा आपल्याकडचा पक्का समज आहे, आणि या रुग्णांत तो जिवावर बेततो.

अतिदक्षता

वडिलांचा_सोबती, फार मोलाचा प्रतिसाद. त्यात दोन गोष्टी वाढवतो.

पोटॅशियम कमी असणेही तितकेच घातक असते. जुलाब, लघवीच्या गोळ्या, सततच्या उलट्या यांत ते २.५ च्या खालीही जाते, स्नायू लुळे पडतात आणि ठोके अनियमित होतात. अशा वेळी नातेवाईक विचारतात की इंजेक्शन देऊन लगेच का भरून काढत नाही. पोटॅशियम क्लोराईडच्या १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलीमोल असतात. ते विरळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय थांबते. म्हणून ते नेहमी बाटलीत नीट मिसळून, हाताच्या शिरेतून साधारणतः तासाला १० मिलीमोलपेक्षा जास्त नाही अशा वेगाने देतात, आणि तोंडाने घेता येत असेल तर पातळ औषध किंवा गोळ्या बऱ्या. मॅग्नेशियमही कमी असेल तर ते दिल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, मूत्रपिंड ते गाळून टाकत राहते.

दुसरे, मूत्रपिंडाच्या रुग्णाला आरएल अजिबात चालत नाही असा समज आहे. त्यात लिटरला ४ पोटॅशियम असते, म्हणजे रक्तात असते तेवढेच. उलट साध्या सलाईनमध्ये क्लोराईड रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त असल्याने खूप दिल्यास रक्त आम्लधर्मी होते आणि पेशींतले पोटॅशियम बाहेर येते. अर्थात ज्याला लघवीच होत नाही त्याला कोणताही द्रव मोजूनच.

बालकांचा_डॉक्टर

लहान मुलांबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मुलांना दिवसाला किती द्रव लागतो याचा हिशेब १९५७ सालचा आहे: पहिल्या १० किलोंसाठी तासाला किलोमागे ४ मिली, पुढच्या १० किलोंसाठी २ मिली, त्यापुढे १ मिली. तो आजही वापरतो. मात्र त्या काळी ठरलेले फार कमी मिठाचे द्रव आजारी मुलांत सोडियम उतरवतात, कारण ताप, वेदना, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांत पाणी धरून ठेवणारे तेच संप्रेरक वाढलेले असते जे वर सांगितले आहे. त्यामुळे फिट येऊन मुले दगावल्याच्या घटना जगभर नोंदवल्या गेल्या. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये २८ दिवसांवरील बहुतेक मुलांसाठी रक्ताच्या तोडीचे सोडियम असलेले द्रव वापरण्याची शिफारस केली. आपल्याकडेही ही पद्धत बदलली आहे, परंतु सगळीकडे नाही.

आणि एका अभ्यासाने माझी स्वतःची विचार करण्याची रीत बदलली. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथे तापाने गंभीर आजारी असलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांवरचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीला झपाट्याने द्रव दिला त्यांपैकी सुमारे साडेदहा टक्के मुले ४८ तासांत दगावली, आणि ज्यांना तसा दिला नाही त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. जुलाबाची मुले त्यात नव्हती, हे ग्रामीण_वैद्यक यांच्या मुद्द्याशी जुळते. पाणी गेलेल्या मुलाला भरून द्यायचे आणि तापाने थंड पडलेल्या प्रत्येक मुलात ओतत राहायचे नाही, हा भेद फार महत्त्वाचा आहे.

कोकणकन्या

असाच भेद विंचवाच्या दंशात करावा लागतो. लाल विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, अंग गार पडते, त्यामुळे पाहणाऱ्याला सलाईनच आठवते. पण विषामुळे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरत असते, आणि अशा वेळी बाटल्यांचा मारा केल्यास ते वाढते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या वापराने या दंशाच्या उपचाराला जी दिशा दिली, तिच्यामुळे कोकणातली किती तरी मुले वाचली.

पावसाळी_ढग

डेंग्यूबद्दल कोणी सांगेल का? आमच्या संकुलात दर पावसाळ्यात प्लेटलेट किती यावरच सगळे बोलतात आणि रोज एक सलाईन लावून येतात.

अतिदक्षता

डेंग्यूत प्लेटलेटपेक्षा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आहे का, हे अधिक पाहायचे असते. हा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, तेव्हाच पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय थंड पडणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसली तर लगेच दाखल व्हावे. रक्त घट्ट होत आहे का हे हिमॅटोक्रिटवरून (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवरून) कळते आणि सलाईनचा वेग त्यानुसार काही तासांनी बदलतात. नंतर झिरपलेला द्रव आपणहून रक्तात परततो. त्या वेळीही बाटल्या सुरूच ठेवल्या तर छातीत पाणी साठून दम लागतो. तोंडाने पाणी, पेज, ओआरएस घेता येणाऱ्या आणि लघवी नीट होणाऱ्या रुग्णाला रोजची बाटली लागत नाही.

मंजिरी_सातारा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अतिदक्षता यांची आकडेमोड वाचून मी आमच्या डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल विचारले. लघवी खरोखरच रक्ताच्या दुपटीहून घट्ट होती आणि तिच्यात सोडियमही भरपूर जात होते. निदान त्यावरूनच झाले होते. सोडियम दुसऱ्या दिवशी १२५, नंतर १२९ आणि आज १३२ झाले आहे. बाबा आता नातवाची शाळेची वही तपासत आहेत. सिस्टरांचा ग्लुकोजच्या बाटलीबद्दलचा परिच्छेद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला आणि आत्याबाईंना तो पटला.

उद्या घरी सोडणार आहेत. एक लिटरमध्ये नेमके काय काय मोजायचे? आणि जेवणात मीठ वाढवायचे का?

अतिदक्षता

ऐकून बरे वाटले, ताई. चहा, दूध, ताक, आमटी, पेज, औषधांसोबतचे पाणी हे सगळे मोजायचे. सकाळी एका बाटलीत दिवसाचे पाणी भरून ठेवा आणि इतर काही द्रव दिला की तेवढे त्यातून काढून टाका. मीठ आपल्या मनाने वाढवू नका. रक्तदाब आणि हृदय पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी शरीरातून निघून गेली की पाण्याचे बंधनही हळूहळू उठते, ते कधी उठवायचे हे विचारून घ्या. आठवड्याभरात सोडियम पुन्हा तपासा. उदासीसाठी दुसरे औषध सुरू करण्याची वेळ आली तर या प्रसंगाची लेखी नोंद त्या डॉक्टरांना दाखवा. थायाझाइड गटातली रक्तदाबाची गोळी पुढे कोणी लिहून दिली तरीही हे सांगायला विसरू नका, कारण तीही याच वयात सोडियम उतरवते.

पावसाळी_ढग

डेंग्यूच्या उत्तराबद्दल आभार. आणखी एक विचारतो. माझ्या बहिणीला काल सलाईन लावलेल्या ठिकाणी हात सुजला आहे आणि दुखतो आहे. बर्फ लावू की गरम पाण्याने शेकू?

निवृत्त_परिचारिका

सुई अजून हातात असेल तर आधी थेंब थांबवायला सांगा आणि सुई काढून घ्या. सुजलेल्या जागी पुन्हा द्रव सोडायचा नसतो. हात उशीवर उंच ठेवा आणि चोळू नका. साधे सलाईन पसरले असेल तर सूज एक-दोन दिवसांत उतरते, आराम वाटेल त्याप्रमाणे गार किंवा कोमट कापड ठेवता येते. परंतु बाटलीत पोटॅशियम, कॅल्शियम किंवा जास्त तीव्रतेचे ग्लुकोज होते का, हे आजच विचारून घ्या, कारण त्यांनी कातडी जळून जखम होऊ शकते. त्वचा लाल होऊन शिरेवरून लाल रेघ वर सरकत असेल, फोड आला असेल, बोटे बधिर वाटत असतील किंवा ताप आला असेल, तर शेकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.